बाईजाकाकीच्या कानातली काडी

मी मुळात रागीट माणूस. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणी म्हणायला नको. शहापूरच्या बाजारात माझं दुरुस्तीचं दुकान आहे. त्याआधी दहा-बारा वर्षं ते धसईत होतं, एसटी थांब्यासमोर. रेडिओ, टेपरेकॉर्डर, टीव्ही, मग मोबाइल आणि कम्प्युटर, लोकांनी जे जे विकत घेतलं ते ते माझ्या टेबलावर उघडं पडलं. वस्तूवर मी कधी चिडलो नाही. चिडतो तो माणसांवर. माणूस मिक्सर घेऊन येतो आणि म्हणतो, "नामा, कायसुदीक नाय केलं रे, आपोआप बंद पडला." उघडून बघावं तर आत वाटीभर ओली चटणी.

अशा मला आयुष्यात दोनदा एका बाईनं गप्प केलं. तिचं नाव बाईजा. धसईच्या वेशीवर, ओढ्याकडच्या अंगाला तिचं कौलारू घर आहे. मी तिला काकी म्हणतो. नात्यानं ती माझी कुणी नाही.

पहिली वेळ चौऱ्याण्णव सालची. काकी तेव्हा पस्तिशीचीही नसेल. नवरा अनंता दोन पावसाळ्यांपूर्वी तापानं गेलेला. मुरबाडला नेता नेता वाटेतच गेला. मागं एकुलता एक मुलगा सुनिल, आणि दीड-दोन एकर भाताचं रान. पावसाळ्यात भात, आणि पाणी ओसरलं की ओढ्याकाठी भेंडी-काकडी. भाजीची पाटी डोक्यावर घेऊन ती बाजाराला यायची आणि माझ्या दुकानासमोरून जायची. त्या दिवशी पाटी उतरवून तिनं फडक्यात बांधलेला एक रेडिओ माझ्यापुढं ठेवला.

"घरघर करतो. साफ कर," ती म्हणाली. "पण काट्याला हात लावायचा नाय."

"का गो? काटा फिरवल्याशिवाय कळणार कसं, नीट झाला का ते?"

"त्यानं ठेवलाय तिथं."

तो म्हणजे अनंता. शेवटचं आजारपण यायच्या आधी त्यानं रेडिओ ज्या जागी लावला होता, त्या जागेवरून काकीनं काटा हलवलेला नव्हता. तिथं जे लागेल ते ती ऐकायची. शेतीची माहिती सांगोत की गुजरातीत बातम्या देवोत. मला हसू आलं. बरं म्हटलं आणि फडकं सोडलं.

आवाजाचं बटण साफ केलं, घरघर गेली. आणि मग कुठलाही मेकॅनिक करतो तेच मी केलं. काटा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून सगळी स्टेशनं तपासली आणि अंदाजानं परत होता तिथं आणून ठेवला. संध्याकाळी ती आली. रेडिओ लावला, स्टेशन तेच लागलं. मी खूश. तिनं मात्र काचेला डोळा लावला आणि बराच वेळ काट्याकडं बघत राहिली. केसभर इकडचा तिकडं झाला असेल, जास्त नाही.  रेडिओ उचलला, फडक्यात बांधला आणि गेली.

त्यानंतर तीन वर्षं त्या बाईनं मला ओळख दाखवली नाही. दुकानासमोरून जाताना डोक्यावरची पाटी ती माझ्या बाजूच्या हातानं धरायची, म्हणजे दंड मध्ये येऊन तोंड दिसायला नको. मी आधी चिडलो, मग हसलो, आणि नंतर नंतर मला त्याचं खरंच वाईट वाटायला लागलं. दुसऱ्या वर्षी एकदा हाक मारून म्हणालोसुद्धा, "काकी, चुकलं माझं." दंड तिथंच.

अबोला मोडला तो सुनिलसाठी. सत्त्याण्णवला ती दुकानात आली, उभ्या उभ्याच बोलली. "पोराला विजेचं शिकायचं हाय. कुठं घालू? तुजा राग हाय मना अजून. पण ह्यातलं तुनाच कळतं."

मी शहापूरच्या आयटीआयचं सांगितलं, फॉर्म आणून दिला. सुनिल हुशार निघाला. वायरमन झाला, वाशिंदच्या एका कारखान्यात लागला. धसईहून रोजचं जाणं-येणं जमेना म्हणून तिकडंच खोली घेऊन राहिला, शनिवारी घरी यायचा. काकीचा आठवडा तेव्हापासून शनिवारी संध्याकाळी सुरू व्हायचा आणि सोमवारी पहाटे संपायचा. मधले दिवस नुसते कामाचे.

मग दोन हजार सहाला सुनिल मस्कतला गेला. शनिवारही गेले.

मी तोवर दुकान शहापूरला हलवलं होतं, पण धसईत भावाचं घर आहे, जाणं-येणं होतंच. गेलो की काकीच्या ओसरीवर टेकायचो. ती बोलायची कमी. एकदा मात्र तांदूळ निवडता निवडता आपणहून म्हणाली, "नामा, तिकडं संध्याकाळ कदी होते रे?"

"आपल्यापेक्षा दीड तास मागं."

"म्हंजे मी दिवा लावते तवा त्याच्याकडं ऊनच आसंल." एवढं बोलून ती परत सुपात बघायला लागली.  पोराची आठवण येते, असं ती बाई तोंडानं कधी म्हणाली नाही. तिकडं किती वाजले, एवढंच विचारायची.

आठ सालच्या एप्रिलमध्ये सुनिल पहिल्या सुट्टीवर आला तो कॅमेरा घेऊन. चहाच्या डब्याएवढा काळा, पुढं एक डोळा. त्याच वर्षी धसईच्या टेलिफोनवर इंटरनेट मिळायला लागलं होतं. सुनिलनं घरी फोन घेतला, वायर ओढली आणि ओसरीच्या खांबावर, पार वरती वाशाजवळ, कॅमेरा ठोकला. गावात चर्चा झाली, की बाईजाच्या घरात असं काय आहे म्हणून चोरासाठी कॅमेरा लावतायत? काय असणार? भाताच्या दोन कणग्या आणि तो रेडिओ. सुनिल मला म्हणाला, "काका, चोरासाठी नाय. मी तिथं बसून आईला बगणार."

निघायच्या आदल्या दिवशी त्यानं तिला सगळं समजावलं. मी तिथंच होतो. हा दिवा हिरवा असला म्हणजे मला दिसतंय. नारिंगी झाला म्हणजे काहीतरी बिघडलं. मग कॅमेरा खाली काढून बुडाचं बारीक भोक दाखवलं. "आई, हे सगळ्यात महत्त्वाचं. काय बिघडलं ना, तर ह्यात पिन घालून दाबायचं, दहा आकडे मोजायचे आणि सोडायचं. की तो परत पयल्यासारखा होतो. हे भोक तेवढं बुजू देऊ नको. आपल्याकडं कुंभारीण हाय."

कुंभारीण म्हणजे ती बारीक कमरेची, मातीचं घर करणारी माशी. धसईत कुलपाचं भोक म्हणू नका, विजेच्या बोर्डाचं म्हणू नका, जिथं भोक दिसेल तिथं चिखल आणून लिंपते. माझी अर्धी दुरुस्ती तिच्यामुळंच चालते.

त्याच संध्याकाळी सुनिलनं आणखी एक केलं. आईच्या कानातल्या कुड्या मागून घेतल्या. झिजून पत्र्यासारख्या झाल्या होत्या, पण अनंतानं लग्नात घातलेल्या. "नमुना म्हणून नेतो," म्हणाला. "तिकडं सोनं चांगलं मिळतं. डिट्टो अशाच, पण जाड करून आणतो." काकीनं नाही-होय करत काढून दिल्या. त्यानं त्या रुमालात बांधल्या.

तेव्हापासून रोज दिवेलागणीला काकी ओसरीवर उभी राहायची. तुळशीपुढं दिवा लावायचा, पदर सारखा करायचा आणि खांबाकडं तोंड करून थोडा वेळ थांबायचं. काही बोलायची नाही. कॅमेऱ्याला ऐकू येत नाही, हे सुनिलनं सांगितलं होतं. तिकडं सुनिल काम संपता संपता दोन मिनिटं बघायचा. रविवारी फोन करायचा आणि सांगायचा, काल तू निळ्या लुगड्यात होतीस, परवा अंगणात कोंबडीच्या मागं धावत होतीस. काकी ही वाक्यं आठवडाभर पुरवायची. मला दोनदा सांगून झालेली असायची, तरी तिसऱ्यांदा सांगायची.

नऊ सालच्या डिसेंबरात, भातं झोडून झाली होती तेव्हा, सुनिलचा मला दुकानात फोन आला.

"काका, कॅमेरा बंद हाय. रीसेटच होत नाय."

"कधीपासून?"

"पावसाळ्यापासून. जुलै."

"अरे, सहा महिने! आणि काकीला?"

 तो म्हणाला, "तिला मी 'दिसतेस' असंच सांगतो. मागं एकदा लाइन चार दिवस बंद होती, तर ती चार दिवस धड जेवली नाय. दिवा नारिंगी झालाय म्हणाली, तर नवीन सिस्टीममध्ये नारिंगीच असतो म्हणालो. समीक्षाकडनं पिन घालून दहादा दाबून घेतलं. काय होत नाय. काका, तुमी जा ना एकदा. आणि तिला सांगू नका."

मला असा राग आला, की बस. खोटं बोलायचं यानं, आणि निस्तरायचं मी. तसं बोललोही. पण गेलो. रेडिओच्या काट्याचं माझ्या अंगावर होतंच ना काहीतरी.

शहापूरहून मुरबाड, मुरबाडहून धसई, दोन एसट्या बदलून पोचलो तेव्हा अकरा वाजले होते. काकी वाल सोलत बसली होती. शेजारच्या दिराची मुलगी समीक्षा, कॉलेजला जाणारी, माझी वाटच बघत होती. तिला सगळं ठाऊक होतं. मी म्हणालो, "काकी, कॅमेऱ्याचं सर्व्हिसिंग करायला आलोय. वर्षातून एकदा करायचं असतं." काकीनं माझ्याकडं नीट बघितलं आणि सरकून जागा दिली.

मी स्टुलावर चढलो, कॅमेरा काढला, खाली आणला. दिवा नारिंगी, आणि नुसता नारिंगी. लुकलुकतही नव्हता. आधी मला वाटलं, करंट कमी पडतोय. पिशवीतून दुसरा अडॅप्टर काढून लावला. नारिंगी. वायर बदलली. नारिंगी. मोडेमचं तोंड साफ केलं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा सगळा प्रकार चालला होता. मग पिन घेतली, बुडाच्या भोकात घातली, दाबली. दहा मोजले. सोडली. काही नाही.

"काका, मी पण असंच केलं," समीक्षा माझ्या कानाशी हळूच म्हणाली. "वीस मोजून पण बघितले."

पुन्हा दाबली. आता हाताला काहीतरी खटकलं. अशा बटणाला दाबलं की बारीक टक् असं लागतं. इथं काही लागत नव्हतं, आणि पिन जायला हवी तेवढी आत जात नव्हती. बटण तुटलं, असं मी ठरवून टाकलं. "हा दुकानात न्यावा लागेल," मी म्हणालो, "उघडायला लागेल. बारके पेचकस आणलेले नाहीत मी."

"नाय," काकी म्हणाली.

"काकी, चार दिवसांत आणून देतो."

"नाय म्हटलं ना. मागं रेडिओ दिला तवा काटा हालवलास. हितं बस आणि काय करायचं ते कर. घराबाहेर जाणार नाय तो."

पंधरा वर्षं झाली होती त्या काट्याला! मी चिडलो. कॅमेरा म्हणजे काय रेडिओ वाटला काय, असं काहीतरी फाडफाड बोललो. ती वाल सोलत राहिली. मी पिशवी उचलली आणि चालू लागलो. थांब्यावर कळलं, गाडी आत्ताच गेली. पुढची पाऊण तासानं. रागानं निघालेल्या माणसाला एसटीनं ताटकळत ठेवू नये, राग उतरतो. बसल्या बसल्या मला तिचा तो दंड आठवला, पाटी धरलेला. तीन वर्षं. घरी जाऊन मी बारके पेचकस पिशवीत भरले.

गुरुवारी परत गेलो. दुपार कलली होती. सुनिलला आधीच फोन करून सांगितलं होतं, पाच वाजता घरच्या फोनवर ये. ओसरीवर बसलो, म्हणालो, "आण काहीतरी पसरट. स्क्रू हरवले तर आज आपल्या दोघांचं भांडण होईल." काकीनं सूप आणून दिलं. सुपात कॅमेरा, सुपात पेचकस, एकेक स्क्रू सुपाच्या कोपऱ्यात. ती माझ्यासमोर उकिडवी बसली, लहान मुलाच्या पायातला काटा काढताना आई बसते तशी. समीक्षा बॅटरी धरून.

बुडाचं झाकण सुटलं. आतली सर्किटची हिरवी पाटी समोर आली, आणि बटण दिसलं. तुटलेलं नव्हतं. बटण दाबलेलं होतं. वरच्या भोकातून काहीतरी काळपट, जाडसर आत आलं होतं आणि बरोबर बटणाच्या डोक्यावर रुतून बसलं होतं. बाहेरून बघणाऱ्याला भोकात अंधार दिसायचा, एवढंच.

मी चिमट्यानं ते ओढून काढलं. भाताच्या दाण्याएवढा लाकडाचा तुकडा. पावसाच्या दमटीनं फुगलेला, वरून मोडलेला.

आणि मग डोक्यात उजेड पडला. तो रीसेट होत नव्हता असं नव्हतंच. बटण दाबायचं, दहा मोजायचे आणि सोडायचं. सोडलं, की कॅमेरा पुढं चालू लागतो. इथं सोडलंच नव्हतं कुणी. जुलैपासून कुणीतरी त्या बटणावर बोट ठेवून बसलं होतं, आणि बिचारा सहा महिने वाट बघत होता की हे बोट कधी उचलणार. आम्ही आपले वरून पिनी खुपसतोय. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

"हे कोणा गाढवानं..." मी तोंड उघडलं आणि वर बघितलं.

काकी माझ्या हातावर वाकली होती. तिचा कान माझ्या तोंडापासून वीतभर. कानाच्या पाळीत कुडी नव्हती; कडुलिंबाची काडी होती, बारीक तासलेली, दोन्ही बाजूंनी जेमतेम दिसेल एवढी. दुसऱ्या कानातही. कुड्या काढल्या की कान बुजू नये म्हणून बायका घालतात तशी. दीड वर्षापूर्वी सुनिलनं कुड्या नेल्या, तेव्हापासून काकी अशीच होती. मी कितीदा ओसरीवर बसलो असेन, पण बाईच्या कानाकडं कोण बघतो?

मी गाढव हा शब्द गिळला. चिमट्यातला तुकडा मुठीत लपवायला गेलो, तर तिनं माझं मनगट धरलं.

"दाखव."

दाखवला.

"माजीच काडी," ती म्हणाली. अगदी हळू. "भोक बुजू देऊ नको म्हणाला होता ना. चैतात कुंभारीण यायला लागली. मंग मी कानासाठी काड्या तासल्या तवाच एक त्याच्यासाठी तासली. कान बुजत नाय, मंग ते कसं बुजंल? पावसात मोडली वरनं. मना वाटलं, आत हाय तर बरंच हाय."

तिनं हात गुडघ्यांवर ठेवले आणि सुपातल्या स्क्रूंकडं बघत राहिली. "म्हंजे मीच त्याचा डोळा मिटवला."

समीक्षा रडवेली झाली. मला खोटं बोलायचं होतं. दमटीनं झालं, सगळ्यांच्या कॅमेऱ्यांचं होतं, असं. तेवढ्यात आठवलं, की तिला कॅमेरा बंद आहे हे मुळात ठाऊकच असायला नको. "अगं, पण त्याला दिसतंय ना..." मी सुरुवात केली.

"राहू दे, नामा," ती म्हणाली. "मना ठावं हाय. आखाडात तो म्हणाला, आई, काल हिरव्या लुगड्यात दिसलीस. हिरवं लुगडं मी शिमग्यालाच फाडलं, गोधडीला लावलं. नंतर बी दोन वेळा हिरवंच बोल्ला. बिचाऱ्याला तेवढंच ध्येनात होतं."

"मग बोलली का नाहीस त्याला?"

"काय बोलू? मना बरं वाटावं म्हणून बोलत होता. मी बोल्ले आसते तर फोन करायला लाजला आसता."

"आणि तरी रोज उभी राहत होतीस? दिवा नारिंगी बघून?"

"मंग काय करू?" ती माझ्याकडं न बघता म्हणाली. "आजचा दिवस आंधळा, पण उद्याला उघडला तर? उघडला आणि मी तिथं नसले तर?"

मी मान खाली घातली आणि स्क्रू बसवू लागलो. मला रागीट म्हणतात सगळे, पण त्या वेळी माझे डोळे भरून आले होते, आणि स्क्रूच्या खाचा दिसेनात. दोनदा पेचकस घसरला. काकी म्हणाली, "सावकाश कर. नायतर परत काटा हालवशील."

पाचला फोन वाजला. समीक्षानं रिसीव्हर वायर ताणून उंबऱ्यापर्यंत आणला आणि मला दिला. मी सुनिलला सांगितलं, बटण मोकळं आहे, आता करतोय. कॅमेरा सुपातच होता, वायर लावली. दिवा नारिंगी. पिन घातली. टक् लागलं. काय सांगू, त्या बारीकशा टक्‌नं मला किती बरं वाटलं. दहा मोजले. काकीनंही ओठांनी मोजले. सोडलं.

दिवा विझला. पाच-सहा श्वास काही नाही. मग लुकलुकला, परत विझला आणि लागला तो हिरवा. सुनिल तिकडून आकडे सांगत गेला, मी माझ्या जुन्या लॅपटॉपवर भरत गेलो. पाऊण तास गेला. बाहेर उन्हं उतरली. काकी मध्येच उठली, तुळशीपुढं दिवा लावून आली आणि पदर सारखा करून खांबासमोर जाऊन उभी राहिली. खांबावर काही नव्हतं. कॅमेरा सुपात होता. सवयीनं गेली होती.

"काकी, इकडं. इथं आहे तो," मी म्हणालो.

ती आली, आणि डोळा खरंच बरा झालाय का ते बघायला कॅमेऱ्यावर वाकली. मान तिरकी करून, पार जवळ.

फोनमध्ये सुनिल ओरडला, "आलं! काका, आलं! पिक्चर आलं. काय हाय हे? एवढं जवळ... आई? आईचा कान हाय का हा?"

वरती वाशाजवळून तिला तो बघायचा तेव्हा ती अंगठ्याएवढी दिसायची. लुगड्याचा रंग कळायचा, बस.

"काका, तिच्या कानात काय हाय? काडी कसली?"

 खरं तर तीन दिवसांपासून त्याच्यासाठी शिव्या जमवून ठेवल्या होत्या. त्यातली एकही आठवेना. मी रिसीव्हर काकीच्या हातात दिला. "तो विचारतोय, कानात काय आहे."

काकीनं रिसीव्हर धरला, दुसरा हात कानाला लावला. मग कॅमेऱ्याकडं बघून, लांबच्या माणसाशी बोलतात तसं मोठ्यानं म्हणाली, "तू नमुना नेलास ना रे? मंग तू आणशील तवा कान मोकळा नको? म्हणून काडी घातली. तू म्हणालेलास ना, बुजू देऊ नको. नाय दिलं मी बुजू. त्याचं बी नाय, माजं बी नाय."

पलीकडून बराच वेळ काही आलं नाही. काकीनं रिसीव्हर कानापासून दूर धरून बघितला, बिघडला की काय म्हणून, आणि माझ्याकडं दिला.

सुनिल रडत होता. "काका," तो म्हणाला, "कुड्या माज्या पेटीत हायत. त्याच रुमालात. मी सोनाराकडं गेलोच नाय काका. दीड वर्ष झालं, रुमाल सोडलासुदीक नाय."

"मग आता सोड," मी म्हणालो, "आणि तशाच घेऊन ये. जाड करत बसू नको." फोन ठेवला.

काकी सुपाजवळ बसून होती. कॅमेऱ्याच्या हिरव्या दिव्याचा ठिपका तिच्या हातावर पडला होता, त्याच्याकडं बघत होती.

"काय बोल्ला?"

"दिसतेस म्हणाला."

"आता खरंच?"

"आता खरंच, काकी."

ती उठली, पदर परत नीट केला, आणि मला म्हणाली, "मंग तू जरा बाजूला हो."